दांडी धरून की दांडी सोडून

सोमवार, १ डिसेंबर

आज भर पेठेत माझी फजिती झाली. कुणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. डायरी गेल्या वर्षीची, चहापत्तीच्या एजंटाने दिलेली. छापलेले वार चुकीचे आहेत, ते खोडून खरे लिहीन.

सकाळी सहाला मी दुकानाचं शटर उचलायला गेले. एकटी. तीस वर्षं या गल्ल्यावर बसते आहे, पौडात नाजनीनचाचीला ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही, पण शटर मी कधी उचललं नव्हतं. ते ह्यांचं काम. शटर उचललं की हे शेजारी कैलासच्या पंक्चरच्या दुकानात फळीवर जाऊन बसायचे आणि दुकान मी चालवायचे. बोर्डावर मात्र ह्यांचं नाव, ‘अलाउद्दीन तांबोळी किराणा’. ऑक्टोबरात ह्यांचं बायपास झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, यापुढे जड काही उचलायचं नाही. तेव्हापासून कैलास शटर वर करून देतो. पोरगा भला आहे, पण दुकान उघडायला येतो दहाला. माझं दूध-पावाचं गिऱ्हाईक येतं सहाला.

म्हणून आज म्हटलं, आपणच बघू. वाकले, दोन्ही हात खाली घातले आणि जोर लावला. शटर वीतभर वर आलं, कमरेत काहीतरी चमकलं आणि शटर धाडकन खाली बसलं. समोर रिक्षास्टँडवरचे सगळे बघत होते. कुणी हसलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रविवार, ७ डिसेंबर

शहाबाज आणि सूनबाई मन्तशा महाळुंग्याहून आले होते. पोराने जेवणानंतर हळूच विषय काढला. बावधनचा एक माणूस आहे, त्याला आमच्या दुकानाच्या जागेत केकचं दुकान टाकायचंय. भाडं चांगलं देतोय. आम्ही दोघांनी महाळुंग्याला राहायला यावं, अकराव्या मजल्यावर. तिथे लिफ्ट आहे, बाग आहे, अब्बांना हॉस्पिटल जवळ आहे.

मी म्हटलं, मोटरचं शटर बसवू. त्याने ती चौकशीही आधीच केली होती. मिस्त्री म्हणतो, चौकट जुनी आहे, मोटर लावायची तर दर्शनी भिंत पाडून पुन्हा बांधावी लागेल.

“अम्मी, प्रॅक्टिकल विचार कर ना,” तो म्हणाला. “अब्बांना उचलता येत नाही, तुला उचलता येत नाही. रोज सकाळी शटर कोण उचलणार? जेवढे दिवस कैलास उचलतोय तेवढेच दिवस दुकान आहे आपलं.”

त्याच्यावर रागावता येईना, कारण तो वाईट बोलत नव्हता. बापाच्या ऑपरेशनच्या वेळी त्याचा चेहरा मी पाहिलाय. मी फक्त म्हटलं, जानेवारी संपेपर्यंत थांब. मला शटर उचलता आलं तर दुकान राहील, नाही आलं तर दे तुझ्या केकवाल्याला. तो हसला. हे पान लावत बसले.

मन्तशा मात्र हसली नाही. भांडी घासताना तिने विचारलं, शटर नेमकं किती जड आहे. मला काय ठाऊक. मग ती गाडीतून एक पिशवी ओढत घेऊन आली. लॉकडाऊनमध्ये शहाबाजने घरी जिम करायची म्हणून डंबेल मागवले होते. आठवडाभर केली जिम, नंतर त्यांच्यावर टॉवेल वाळत पडायचे. दोन लोखंडी दांड्या, दोन्ही टोकांना आटे. हव्या तेवढ्या गोल प्लेटा ओवायच्या आणि चांदणीच्या आकाराचा नट फिरवून घट्ट करायचा. वजन वाढवायचं झालं तर नुसती प्लेट वाढवायची, डंबेल तोच. मला वस्तू बघताक्षणी आवडली. आपल्या तराजूसारखी आहे, लागेल तसं वजन टाकायचं.

सोमवार, ८ डिसेंबर

मन्तशाने बालेवाडीतल्या तिच्या जिमवाल्या बाईला विचारून सगळं ठरवून दिलंय. खुर्चीत बसल्यासारखं वाकायचं आणि उठायचं. जमिनीवरून उचलताना गुडघे वाकवायचे, कंबर नाही. उचललेलं खांद्यापर्यंत आणायचं, मग डोक्यावर न्यायचं. शटरसुद्धा असंच तीन टप्प्यांत वर जातं म्हणे. एका हातात सात किलो डोक्यावर नेता यायला लागलं की मगच शटरला हात लावायचा. त्याआधी लावला तर कंबर जाईल आणि शहाबाजचंच खरं होईल. मी तसा शब्द दिला.

दुपारी दुकान बंद असताना मागच्या गोदामात, तांदळाच्या पोत्यांमध्ये जागा केली. ह्यांचे कॅनव्हासचे बूट घातले. पहिला दिवस म्हणून प्लेटा लावल्याच नाहीत, नुसती दांडी घेतली. वजन शून्य. दांडी वजनात धरायचा प्रश्नच नाही. भांड्याचं वजन मालात धरणारं दुकान आमचं नव्हे. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, माल मोजायचा, भांडं मोजायचं नाही.

शून्य किलो उचलून माझे हात लटलट कापायला लागले. पाचव्यांदा डोक्यावर नेताना तर डोळ्यांत पाणी आलं. ही नोंद मी मेल्यावरसुद्धा कुणी वाचू नये.

हे दारात उभे होते. एक दांडी जरा कलती करून बघितली आणि म्हणाले, “दांडीच चांगली वजनदार हाय गं.” मी त्यांना म्हटलं, हात लावू नका, डॉक्टरांनी काय सांगितलंय. ते गेले.

शुक्रवार, १२ डिसेंबर

मन्तशाचा फोन. किती झालं म्हणाली. मी म्हटलं, अजून शून्यच. ती म्हणाली, अम्मी, जोक नको करू. मी कशाला जोक करीन? अंग इतकं दुखतंय की गल्ल्यातली चिल्लर उचलताना आई गं होतं.

बुधवार, १७ डिसेंबर

शून्यातून बाहेर पडले. प्रत्येक दांडीला एक-एक किलोच्या दोन प्लेटा. दोन किलो.

गोजराबाई आल्या होत्या. सत्तरी उलटलेली म्हातारी, मागच्या आळीची. जमीन निम्मी विकली, उरलेल्या जागेत खोल्या बांधून कंपनीच्या पोरांना भाड्याने दिल्यात, पण पावशेर साखर घेताना अजून काट्याकडे असं बघतात जणू मी त्यांचं शेत लिहून घेणार आहे. दुपारी आतून धप्प धप्प आवाज येतो, काय कुटतेस, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मसाला. तर म्हणाल्या, मग अर्धा किलो बांध की. आता खरंच मसाला कुटायला हवा.

शनिवार, २० डिसेंबर

नट नीट आवळला नव्हता. डोक्यावर नेताना प्लेट सुटली आणि थेट रव्याच्या पोत्यात गेली. माझं डोकं बोटभर अंतराने वाचलं. रव्याने मी, पोती, भिंत, सगळं पांढरं. हे धावत आले, मला बघून त्यांचा चेहरा उतरला. मी हसत होते, तर ते रागावून निघून गेले.

आता उचलण्याआधी दर वेळी चारही नट फिरवून बघते. बरणीचं झाकण लावल्यावर बघतो तसं.

शुक्रवार, २६ डिसेंबर

काल कासारसाईला पुतणीचं लग्न होतं. परवा मेंदी होती. दोन्ही दिवस दांडीला दांडी मारली. बिर्याणी मात्र सोडली नाही.

तिथे सगळ्या बायका विचारत होत्या, दुकान देताय म्हणे, बरं झालं, आता आराम करा. आराम हा शब्द त्या अशा म्हणत होत्या जसं काही मी आयुष्यभर त्याचीच वाट बघत बसले होते. मला आराम नको आहे. सकाळी सहाला कुणीतरी झोपेतून उठून यावं आणि मी न विचारता त्याला लागतं ते काढून द्यावं, यासारखं सुख मला दुसरं माहीत नाही. अकराव्या मजल्यावर मला कोण हाक मारणार आहे?

शुक्रवार, २ जानेवारी

तीन किलो झाले. पायांत बळ आलंय, हे खरं. तेलाचा डबा आता ओढत नाही, उचलून ठेवते.

एक गोष्ट मनात खुपते ती लिहिते. हे एका शब्दाने म्हणाले नाहीत की कर, की करू नकोस. दुपारी मी गोदामात शिरले की हे घरातून निघतात. तासाभराने येतात, हात धुतात आणि झोपतात. मी एवढा घाम गाळते, तर दारात उभं राहून बघावं तरी. मला वाटतं, ह्यांनाही दुकान जावंसं वाटतंय. पोराकडे टीव्ही मोठा आहे.

वर पायजमे काळे करून आणतात. कैलासच्या फळीवर बसायचं म्हणजे टायरची काजळी लागणारच, पण ती साबणाला दाद देत नाही आणि धुणारी मी. दुकानातलं स्टूलही रोज जागेवर नसतं. आज शटरजवळ होतं, मी ठेचकाळले.

शुक्रवार, ९ जानेवारी

कैलासने सकाळी शटर वर करून दिलं आणि म्हणाला, “चाची, तुमचं शटर लई हलकं झालंय. आधी दोन येळा दम खायला लागायचा.” मी त्याला निरखून बघितलं. पोराचे दंड भरलेत. गाड्यांच्या चाकांच्या रिमा उचलून उचलून झालं असेल. त्याला एक राजगिऱ्याची वडी दिली.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तीळ, गूळ, हलवा सगळा खपला. दिवसभर उभी होते, तरी पाय दुखले नाहीत. डिसेंबरात याच वेळी जिने चढताना गुडघे बोलायचे.

चार किलो. मन्तशाला आनंदाने कळवलं. ती म्हणाली, अम्मी, आत्तापर्यंत सहा व्हायला हवे होते. मग समजुतीने म्हणाली, वयाप्रमाणे वेळ लागतो, ठीक आहे. पोरीच्या मनात काही नव्हतं, पण ते ‘वयाप्रमाणे’ संध्याकाळपर्यंत कानात राहिलं.

गुरुवार, २२ जानेवारी

पाच किलो, आणि तिथेच गाडी अडली. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या आणखी दोन प्लेटा लावून बघितल्या. खांद्यापर्यंत येतं, डोक्यावर काही जात नाही. डावा हात मध्येच माघार घेतो. सात कुठे आणि पाच कुठे. जानेवारी तर संपत आला.

शहाबाजचा निरोप आला, शनिवारी एकतीस तारखेला तो केकवाल्याला घेऊन येतोय जागा दाखवायला. नुसती दाखवायला, असं दोनदा म्हणाला. त्याच्या आवाजात अपराध्यासारखं काहीतरी होतं, म्हणून मी जास्त बोलले नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

कैलास कालपासून सासुरवाडीला गेलाय, मेहुणीच्या लग्नाला. रविवारी येईल. त्याचं दुकान बंद आणि त्यामुळे आमचंही शटर खाली. रिक्षावाल्यांना सांगायचं, तर त्या दिवशीची फजिती आड येते. घरातून दुकानात यायला मागचं दार आहे, तिथून ओळखीची गिऱ्हाइकं येतात, पण पेठेतून बघणाऱ्याला दुकान मेलेलंच दिसतं. काल सकाळी आतून ऐकलं, रस्त्यावर कुणीतरी दुसऱ्याला सांगत होतं, “हे बंद झालं वाटतं.” फार लागलं ते.

एकदा वाटलं, जाऊन हात घालावा शटरला. पण सात झाल्याशिवाय नाही, असा शब्द दिलाय. आणि खरं सांगायचं तर पुन्हा वीतभर उचलून रिक्षास्टँडसमोर आपटायची मला भीती वाटते.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, देऊन टाकू. माझ्याच्यानं होत नाही. दोन किलो कमी पडले.

सुपारी कातरता कातरता हे थांबले. मग म्हणाले, “शनिवारपत्तोर थांब की.”

मी म्हटलं, शनिवारी काय आभाळातून ताकद पडणार आहे का? मला रडू आलं, ते त्यांना दिसू नये म्हणून मी मसाल्याचे डबे पुसत बसले.

गुरुवार, २९ जानेवारी

हे सावकाश लिहायला हवं.

सकाळी गोजराबाई मागच्या दाराने आल्या, हातात त्यांची पितळी किटली. घाण्याचं तेल हवं होतं. दुकानात शटर बंद म्हणून अंधार, एकच बल्ब. मी किटली काट्यावर ठेवली. तेल किंवा काकवी मोजताना रिकाम्या भांड्याचं वजन आधी बाजूला काढावं लागतं, त्याला आम्ही धडा करणं म्हणतो. पूर्वी तराजूच्या एका पारड्यात भांडं ठेवून दुसऱ्यात खडे टाकायचे, दोन्ही सारखी झाली की झाला धडा. आता इलेक्ट्रिक काट्याला बटण आहे, दाबलं की आकडा शून्य होतो. मी बटण दाबलं. आकडा शून्य झाला.

“धडा केलास का?” गोजराबाईंनी विचारलं. तीस वर्षं विचारतात.

“केला. हे बघा, शून्य.”

“शून्य कसं? माजी किटली काय वाऱ्याची हाय? चांगली जड हाय ती. हितवर आणूस्तर हात गळून जातो माजा.”

मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. किटली जडच आहे, पण ती मोजायची नसते, काट्यावर शून्य दिसलं म्हणून ती हलकी होत नाही. आणि तिथेच माझं तोंड उघडं राहिलं.

किटली तशीच ठेवून मी गोदामात गेले. एका दांडीच्या सगळ्या प्लेटा काढल्या, नट राहू दिले, आणि नुसती दांडी आणून काट्यावर ठेवली, धडा न करता. दोन किलो. वर थोडे ग्रॅम. दुसरी आणली, तीही तेवढीच.

मन्तशाने सात किलो म्हटलं होतं ते हातात येणारं सगळं मिळून. तिच्या जिममध्ये कोण धडा करतंय? मी मात्र पहिल्या दिवसापासून दांडी सोडून मोजत होते. माझे पाच म्हणजे तिचे सात. संक्रांतीचे माझे चार म्हणजे तिचे सहा, जे व्हायला हवे होते तेच. आणि पहिल्या दिवशी शून्य किलो उचलून मी रडले होते, ते शून्य नव्हतंच. दोन्ही हातांत मिळून चार किलो मी डोक्यावर धरले होते.

मी खाली पोत्यावर बसले. गोजराबाईंना वाटलं मला चक्कर आली. त्यांना सगळं सांगावं लागलं, मसाल्याच्या धप्प धप्पसकट. त्या ऐकून घेत होत्या आणि काट्यावरच्या दांडीकडे संशयाने बघत होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजे साऱ्या पेठेला बरुबर माप दिलंस आन् सवताला तेवढं मापात मारलंस व्हय गं.”

मी उठले. ह्यांना हाक मारली आणि म्हटलं, बाहेरून जाऊन शटरची कुलपं काढा. कुलपं काढायला डॉक्टरांची मनाई नाही. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. किल्ल्या घेऊन इतक्या लगबगीने गेले की मला म्हणावं लागलं, सावकाश.

गोजराबाई किटली पोटाशी धरून बाजूला उभ्या राहिल्या. मी पाय फाकवून उभी राहिले, गुडघे वाकवले, कंबर नाही. बोटं शटरच्या कडेखाली घातली. बाहेर दुसऱ्या कुलपाचा आवाज झाला. बिस्मिल्ला म्हटलं आणि पायांनी उठले.

वीतभर आलं. थांबलं नाही. आधी रस्त्यावरचं ऊन आत आलं, मग ह्यांच्या चपला दिसल्या आणि पायजम्याची काळी झालेली कड. गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. इथे हात बदलायचा असतो, ओढायचं सोडून ढकलायचं. डावा हात नेहमीसारखा माघार घ्यायला लागला. मी त्याला मनात म्हटलं, अरे तू सात उचलतोस, तुला माहीत नाही. आणि ढकललं. छाती, खांदा, डोकं. वरच्या ड्रमात शटर गुंडाळलं गेलं आणि माझे दोन्ही हात वरच राहिले, कारण खाली कसे घ्यायचे ते मला सुचेना.

समोर रिक्षास्टँड होता. सगळे बघत होते. एकाने हात वर केला आणि विचारलं, “चाची, पाव हाय का?”

एरवी हे शटर वर गेलं की अख्खी पेठ जागी व्हायची, असला खडखडाट. आज मुकाट्याने गेलं. मन्तशा म्हणायची ते खरं आहे, जोर नीट लागला की आवाज होत नाही.

हे बाहेर किल्ल्या घेऊन उभेच होते. मला वाटलं काहीतरी बोलतील. त्यांनी वर ड्रमाकडे बघितलं, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळे भरले होते. म्हणाले, “चांगलं चाललं.” एवढंच. माझ्या मनात आलं, माणसाने बायकोकडे बघून आधी बोलावं, शटरकडे नंतर बघावं. पण आज मला कशाचाच राग येत नव्हता.

गोजराबाईंनी उजेडात पुन्हा एकदा धडा करायला लावला आणि तेल घेऊन गेल्या. आजपासून मी दांडी धरून मोजणार. सात किलो.

शनिवार, ३१ जानेवारी

शहाबाज मन्तशाला आणि केकवाल्याला घेऊन अकराला आला. दुकान उघडं, चार गिऱ्हाइकं उभी. पोरगा गाडीतून उतरून तसाच थांबला. म्हणाला, कैलास आला का? मी म्हटलं, नाही. मग कुणी उघडलं? मी गिऱ्हाइकाचे पैसे घेतले, सुटे दिले, बाहेर येऊन शटर पूर्ण खाली ओढलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा वर नेलं. बाहेरून पूर्ण वर न्यायची पहिलीच वेळ होती. मध्ये एकदा दम घेतला, ते लपवत नाही.

तो आत येऊन तांदळाच्या पोत्यावर बसला. म्हणाला, “अम्मी, मला वाटलं होतं तू थकलीस म्हणून सोडशील. म्हणजे मला हायसं वाटलं असतं. सॉरी.” मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, तुला काळजी होती, ती असू दे. दुकान पण असू दे. रमजान तीन आठवड्यांवर आलाय, खजूर भरायचाय, तू गाडी घेऊन ये.

मन्तशा ह्या खेपेला माझा दंड दाबून बघत होती. दांडीची गोष्ट ऐकून इतकी हसली की खाली बसली. तिच्या जिमच्या बाईला सांगणार म्हणे. केकवाला बिचारा अवघडून उभा होता. त्याला मी चहा दिला. जाताना त्याने मैद्याचा घाऊक भाव विचारला. सोमवारी पोतं पाठवायचंय.

शहाबाज म्हणतो, बोर्ड नवा करू, ‘नाजनीन किराणा’. मी म्हटलं, बोर्डाचं बघू, आधी प्लेटा आण. घरी अजून दोन मोठ्या पडल्यात ना?

रात्रीच्या धुण्यात ह्यांचा पायजमा भिजवला. गुडघ्यापासून खाली काळाकुट्ट, आणि खिशात एक जुना दात घासायचा ब्रश, तोही काळा. हात लावला तर चिकट, ग्रीससारखं. विचारलं, हे कुठून आणलं. उशीत तोंड घालून म्हणाले, “कैलासच्या फळीवर बसलो हुतो.”

कैलासचं दुकान तर सोमवारपासून बंद आहे.